झारीतला शुक्राचार्य



सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. पत्रिकेवरचा विषय वाचून काही मंडळी राजकारणाच्या आशेने आली असतील. परवा एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून विचारलंच, ‘कोणाकोणाची नावं घेणार आहात?’ मी म्हटलं, एकाचंच घेणार आहे आणि त्याची लांबी जेमतेम एक मिलिमीटर आहे. तो म्हणाला, मग मी येत नाही. तरीही एवढे लोक आलात, त्याबद्दल आभार.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्या सरांचं नाव माझ्यामागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत आहे. भाषणात मी ते घेणार नाही. कोणी त्यांचं कौतुक करू लागलं की त्यांना खिडकीकडे बघत बसायची सवय होती, आणि खिडकीत त्यांच्या बरण्या असत. लोणच्याच्या बरण्या, दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाइनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, कड फुटलेली एक काचपेटी. प्रत्येकीवर चिठ्ठी डकवलेली: ‘हर्सूल, आषाढ’. ‘पाणचक्कीचा हौज, माघ’. ‘घरचा रांजण, वैशाख’. इंग्रजी महिने ते लिहीत नसत. या जिवांना जून-जुलै कळत नाही, पाऊस कळतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही बी.एस्सी.ची पोरं. मासे पाळतात म्हणावं तर एकाही बरणीत मासा नाही, हे आम्हाला फार विनोदी वाटायचं.

आज या टेबलावर जी पेटी ठेवली आहे तिच्यातही मासा नाही. एक फूट लांब, आठ इंच रुंद, आठ इंच उंच. पाणी साधारण नऊ लिटर. पंप नाही, फिल्टर नाही, रंगीत खडे नाहीत, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या तर नाहीच. तळाला दोन बोटं गाळ, हायड्रिलाच्या चार काड्या, दोन गोगलगायी आणि वर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधलेली. बाकी जे आहे ते मागच्या रांगेतून दिसणार नाही. खरं सांगायचं तर पुढच्या रांगेतूनही दिसणार नाही.

पेटी लावायला अक्कल फारशी लागत नाही, धीर लागतो. पाणी कुठलं घ्यायचं हा इतर शहरांतला मोठा प्रश्न, कारण नळाच्या पाण्यातला क्लोरीन या जिवांना मारतो. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. ज्या गावात नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येतं आणि उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा, तिथे प्रत्येक घरात एक ड्रम असतो, आणि उघड्या ड्रममध्ये दोन दिवस उभ्या राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. टंचाईने आपल्याला दिलेली ही एकमेव सोय. आरओचं पाणी मात्र घालू नका. मी घातलं होतं, जास्त शुद्ध म्हणून. त्यातले क्षारही निघून गेलेले असतात आणि कवच घडवायला चुना लागणाऱ्या जिवांची त्यात उपासमार होते.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं. घरातली माणसं म्हणतात, सडलं, फेका. इथेच बहुतेकांचा प्रयोग संपतो. हा दुधाळपणा म्हणजे जिवाणूंची गर्दी. तिला खायला आधी शेपटीवाले सूक्ष्म आदिजीव येतात, मग पॅरामिशियम. पॅरामिशियम म्हणजे चपलेच्या आकाराचा, हे दहावीपर्यंत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण त्याची आकृती काढून मार्क मिळवलेल्यांपैकी किती जणांनी तो पळताना पाहिला? पाव मिलिमीटर लांबीचा हा प्राणी अंधाऱ्या खोलीत पेटीवर बाजूने टॉर्च मारला तर नुसत्या डोळ्यांनाही पांढऱ्या कणासारखा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो इतका धावतो की स्लाइड त्याच्यामागे सरकवून मान दुखते. सरांनी आम्हाला तोड शिकवली होती: थेंबात कापसाचे चार तंतू पिंजून टाकायचे. तंतूंच्या जाळीत तो अडखळतो, वळतो, मागे येतो, आणि तेवढ्यात तुम्हाला त्याच्या अंगावरचे केस दिसतात. मराठवाड्यात कापसाला काय तोटा.

दहा-बारा दिवसांनी पाणी आपोआप निवळतं. आता काचेवर आणि पानांवर बिऱ्हाडं थाटलेली असतात. व्होर्टिसेला: स्प्रिंगच्या दांड्यावर उभी घंटा, धक्का लागला की दांडा वळी पडून खाली बसते आणि पुन्हा सावकाश वर येते. रोटिफर: त्याच्या डोक्यावर दोन चाकं गरगर फिरताना दिसतात. आपल्या शहराला चाकाचं काय नवल! पाणचक्की बघायला लांबून माणसं येतात. पण पाणचक्कीचं चाक खरोखर फिरतं, रोटिफरचं फिरत नाही. तिथे केसांच्या ओळी असतात आणि त्या एकापाठोपाठ एक लवतात. वाऱ्याने ज्वारीच्या शेतात लाट जाते तशी. लाट फिरते, चाक जागेवरच. पहिल्या निरीक्षकांना खरं चाक वाटलं होतं. मलाही दर वेळी वाटतं.

मग काचेला चिकटलेला हायड्रा. हा सापडला तर दिवस सार्थकी लागला असं समजा. अर्धा-एक सेंटिमीटर लांब, उलट्या छत्रीच्या काड्यांसारखे पाच-सहा हात खाली सोडून शिकारीची वाट बघत लोंबकळणारा. १७४० मध्ये आब्राहम ट्राम्बले नावाचा एक शिकवणीचा मास्तर हेगजवळ एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवत होता. त्याने खिडकीतल्या काचेच्या बरणीत हा जीव पाहिला. वनस्पती की प्राणी, हे ठरवायला त्याने त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचा नवा हायड्रा झाला. अख्खा युरोप चक्रावला. तेही खिडकीतल्या बरणीत! आपल्या पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि २०११ मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या भारतीय वाणाला ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ असं नाव आहे. पुण्याचं नाव लागलं म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नका. हायड्रा आपल्याकडेही तोच आहे.

आता ज्याचं नाव घ्यायला मी उभा आहे, त्याच्याकडे येतो.

टॉर्च लावून पेटीकडे पाहिलं की पाण्यात पांढरे ठिपके दिसतात, आणि त्यातले काही सरळ पोहत नाहीत. झटका घेतात. थांबतात. पुन्हा झटका. हा सायक्लॉप्स. खेकड्या-कोळंबीच्या नात्यातला, थेंबाच्या आकाराचा, मागे फाटलेली शेपूट. मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. बाजारातून दोन हातांत दोन पिशव्या घेऊन निघालेल्या बाईसारखी ती दिसते. आणि कपाळाच्या मधोमध एकच लाल डोळा. ग्रीक पुराणात सायक्लॉप्स म्हणजे एकडोळ्या राक्षस, त्यावरून हे नाव. जमिनीखालच्या अंधाऱ्या पाण्यात राहणाऱ्या त्याच्या काही जातींना तोही डोळा नसतो.

सर म्हणत, ग्रीसला कशाला जायचं? एका डोळ्याचा, पाण्याच्या भांड्यात लपून बसलेला आपल्याकडे आहेच की. बळीराजाने वामनाला तीन पावलं भूमी देण्यासाठी हातावर उदक सोडायला झारी उचलली, तेव्हा शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले. पाणी अडलं. वामनाने दर्भाची काडी तोटीत घातली आणि शुक्राचार्यांचा एक डोळा गेला. तेव्हापासून कामात गुपचूप खोडा घालणाऱ्याला आपण झारीतला शुक्राचार्य म्हणतो. सर एवढंच सांगून थांबत नसत. ‘गोष्टीचा अर्धा भाग विसरू नका,’ म्हणत, ‘मेलेल्याला उठवायची विद्याही त्याच्याचकडे होती.’ या दुसऱ्या भागाकडे मी शेवटी येईन. आधी खोड्याचं.

माझ्या आजोळी, जालन्याकडच्या एका खेड्यात, बारव होती. काळ्या दगडाची, तीन बाजूंनी पायऱ्या, मधल्या टप्प्यावर देवळी. बायका शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागर भरत. शेतावरून येणारा गडी तिथेच पाय धुई आणि ओंजळीने पाणी पिई. माझ्या मामाच्या पायाला घोट्याच्या वर फोड आला. आग आग व्हायला लागली म्हणून तो बारवेत पाय सोडून बसायचा, गार वाटायचं. फोड फुटला आणि त्यातून दोऱ्यासारखं पांढरं काहीतरी बाहेर आलं. नारू. आजीने त्याचं टोक एका काडीला गुंडाळलं आणि रोज बोटभर, दोन बोटं, हळूहळू ती काडी फिरवायची. तुटला तर पाय सडतो. तीन आठवडे मामा ओट्यावर त्या काडीकडे बघत बसला होता. पेरणीचे दिवस होते. नारूची खरी क्रूरता त्यात असते, माणूस मरत नाही पण नेमका कामाच्या दिवसांत आडवा पडतो.

लोक म्हणत उष्णता झाली, रक्त बिघडलं. खरी गोष्ट अशी होती: मामा पाय गार करायला पाण्यात बसला तेव्हा त्या हातभर लांबीच्या मादीने हजारो अळ्या बारवेत सोडल्या. त्या अळ्या सायक्लॉप्सने खाल्ल्या. त्याच्या पोटात दोनेक आठवड्यांत त्या तयार झाल्या. मग कोणीतरी ओंजळभर पाणी प्यायलं, सायक्लॉप्स जठरात विरघळला, अळी आतडं भेदून शरीरात शिरली आणि वर्षभराने कोणाच्या तरी पायाला फोड आला. पुन्हा बारव. हा सायक्लॉप्सचा वाटा अलेक्सेई फेदचेंको या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास दाखवून दिला. म्हणजे माझ्या मामाच्या पायाचं कारण पुस्तकात येऊन शंभरेक वर्षं झाली होती. फक्त ते पुस्तक आमच्या ओट्यापर्यंत पोचलं नव्हतं.

नारूवर लस नाही, औषधही नाही. तरी तो गेला. १९८३-८४ मध्ये देशभर निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. सात राज्यांत हा रोग होता, त्यांत महाराष्ट्र होता. शस्त्रं काय तर कापड आणि कठडा. पाणी गाळून प्या. फोड आलेल्याला पाण्यात उतरू देऊ नका. बारवेच्या पायऱ्या बंद करून वर कठडा बांधा, म्हणजे पाणी दोराने शेंदावं लागेल आणि पाय पाण्यात जाणार नाही. पाण्यात टेमेफॉस टाका, म्हणजे सायक्लॉप्स मरेल. बाहत्तरच्या दुष्काळानंतर गावोगाव हापसे आले होतेच, त्यांचाही मोठा हात. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. जगात १९८६ च्या सुमारास वर्षाला पस्तीस लाख रुग्ण असावेत असा अंदाज होता. २०२३ साली मोजून चौदा सापडले.

अलीकडे बारवा साफ करण्याची चांगली चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली आहे. परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी मोकळी केली, ती बघून मला अतोनात आनंद झाला. पण तिथे एक उत्साही तरुण म्हणाला, पूर्वीच्या लोकांनी या पायऱ्या बुजवल्या, केवढं अज्ञान! मी त्याला बाजूला घेऊन मामाची गोष्ट सांगितली. ज्यांनी कुठे पायऱ्या बंद केल्या, त्यांतल्या कित्येकांना काय करतो आहोत ते पक्कं माहीत होतं.

आता कापडाबद्दल. आजी पाणी भरताना घागरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा घडी करून बांधायची. नवं कापड तिला चालत नसे. ‘जुनं दाट बसतं,’ म्हणायची. मला हा कंजूषपणा वाटे. पुढे २००३ मध्ये रीटा कोलवेल या अमेरिकी शास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं बांगलादेशातलं काम वाचलं. पटकीचे जिवाणू पाण्यात सुटे फिरतात तसे सायक्लॉप्सच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या अंगाला चिकटूनही राहतात. मतलब भागातल्या पासष्ट गावांत त्यांनी बायकांना साडी घडी घालून पाणी गाळायला शिकवलं आणि तिथली पटकी ४८ टक्क्यांनी घटली. कुठली साडी? जुनी. वारंवार धुतल्याने धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. नवी साडी तेवढी उपयोगाची नाही. त्या रात्री मी आजीची मनातल्या मनात माफी मागितली.

गाळण्याचं शास्त्र आपल्याकडच्या जैन घरांत आणखी पुढे गेलेलं आहे. तिथे गाळून झाल्यावर गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे, असा दंडक आहे. आमच्या खेड्यात गाळायचं ते माणूस वाचावा म्हणून. त्यांच्याकडे जीवही वाचावा म्हणून. न्यूयॉर्कमध्ये २००४ साली कर्मठ ज्यू मंडळींत मोठी चर्चा झाली. तिथल्या नळाच्या पाण्यात सायक्लॉप्सचे भाऊबंद सापडले; कवचधारी प्राणी तर धर्माला निषिद्ध. मग पाणी प्यावं की नाही? कित्येकांनी नळाला गाळण्या बसवल्या. एक मिलिमीटरचा प्राणी, पण त्याच्यावरून धर्मशास्त्री रात्री जागले!

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हा तर पक्का खलनायक, त्याला पेटीत पाळून मिरवता कशाला? गेल्या पावसाळ्यात घरोघरी पाणी तपासत फिरणाऱ्या दोन ताई आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांनीही हेच विचारलं. ड्रम बघितला, कूलर बघितला, कुंड्यांच्या बशा बघितल्या. मग दिवाणखान्यात पेटी दिसली. ‘काका, हे काय साठवून ठेवलंय? रिकामं करा.’ मी म्हटलं, आधी डासाची एक अळी शोधून दाखवा. त्यांतली थोरली हट्टी होती. टॉर्च काढून ती दहा मिनिटं काचेला नाक लावून बसली. एकही अळी नाही. ‘जाळीमुळे,’ ती म्हणाली. बरोबर, पण तेवढंच नाही. तिच्याकडे तपासणीत गोळा केलेल्या अळ्यांची बाटली होती. तीतल्या अगदी ताज्या, केसाएवढ्या चार-पाच अळ्या मी चमच्याने पेटीत सोडायला लावल्या. सिटी चौकातल्या घड्याळजीकडून घेतलेलं भिंग तिच्या हातात दिलं. थोड्या वेळाने ती ओरडलीच. मोठ्या जातीचा एक सायक्लॉप्स अळीला मधोमध धरून वळवळत खाली चालला होता.

हा माझा शोध नव्हे. व्हिएतनाममध्ये वू सिन नाम आणि ऑस्ट्रेलियाचे ब्रायन के यांनी घरोघरच्या पाण्याच्या टाक्यांत मेसोसायक्लॉप्स सोडले, सोबत गावकऱ्यांकडून भंगारातली डबकी साफ करून घेतली, आणि कित्येक गावांतून डेंग्यूचा डास नाहीसा केला. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा वृत्तांत आला. तो सायक्लॉप्स खातो फक्त नवजात अळ्या; मोठी झालेली अळी त्याला आवरत नाही. आपल्याकडे गप्पी मासे सोडतात, तेही काम करतात. फक्त माझ्यासारख्याने त्यांना कौतुकाने या पेटीत सोडू नये. मी सोडले होते. चार दिवसांत पाणी असं झालं की त्यात बघायला गप्पींशिवाय काही उरलं नाही.

जाता जाता त्या ताईंनी ड्रममध्ये अबेट टाकलं. अबेट म्हणजे तेच टेमेफॉस, ज्याने एकेकाळी बारवेतला सायक्लॉप्स मारला. आज आमच्या ड्रममध्ये ते अळी मारतं आणि अळीला खाणाऱ्यालाही मारतं. मी हरकत घेतली नाही. ड्रमचं पाणी आम्ही वापरतो, आणि तिथे प्रयोग करायचा नसतो. पेटीत मात्र टाकू दिलं नाही. थोरली म्हणाली, ‘याचं नाव काय म्हणालात?’ मी सांगितलं. ‘आणि हा रोग देतो का खातो?’ मी म्हटलं, कुठल्या पाण्यात आहे त्यावर आहे. ती हसली. ‘आमच्या साहेबांना हे फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात भरायचं ते विचारते.’

आता संजीवनी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. त्या मे महिन्यात मी आपल्या शहरालगतच्या सातारा डोंगराच्या पायथ्याशी एका डबक्यावर गेलो. डबकं म्हणजे पावसाळ्यात भरणारा खळगा. तेव्हा भेगाळलेली काळी माती आणि मधोमध एक चप्पल. सरांची सवय म्हणून गाळाची एक वाळकी खपली कागदी पिशवीत घातली, ‘वैशाख’ लिहिलं आणि कपाटात ठेवून दिली. आमच्या घरात ती दोन वेळा कचऱ्यात जाता जाता वाचली.

२०२० च्या टाळेबंदीत नऊ वर्षांची नात आमच्याकडे अडकली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि मला पिशवी आठवली. काचेच्या वाडग्यात खपली ठेवली, ड्रमचं पाणी ओतलं. नातीने वही केली. ‘दिवस १: चिखल.’ ‘दिवस २: चिखल. आजोबा म्हणतात थांब.’ ‘दिवस ३: एक ठिपका पळाला. आजोबा म्हणतात धूळ नाही.’ तो रोटिफर होता. पाचव्या दिवशी पाण्यात मॉइना उड्या मारत होत्या. ही डॅफ्नियाची धाकटी बहीण. डबकं आटायला लागलं की अंडी एका खोगिरासारख्या कवचात बंद करून गाळात टाकते आणि मरते. आठव्या दिवशी नातीने लिहिलं: ‘एक प्राणी उलटा पोहतो.’ ती डबक्यातली कोळंबी होती, काचेसारखी पारदर्शक, उताणी पडून पाय हलवत पोहणारी. पाऊस पडून डबकं आटेपर्यंतच्या थोड्या आठवड्यांत तिला जन्म, लग्न, बाळंतपण सगळं उरकायचं असतं, म्हणून ती घाईत असते. तिच्या एका जातीला २०१४ मध्ये सह्याद्रीचं नाव मिळालं आहे.

त्याच जून महिन्यात लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि टाळेबंदीत अडकलेला अख्खा महाराष्ट्र त्याचे फोटो बघत बसला. ते खारं पाणी, तिथली जीवसृष्टी वेगळी. पुढे आघारकर संस्थेतल्या तपासणीत तो रंग खारटपणात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा निघाला. नातीने विचारलं, आपलं पाणी कधी गुलाबी होणार? मी म्हटलं, मीठ टाकलंस तर सगळे मरतील, एवढंच होईल.

आणि शुक्राचार्य? तो आला नाही. मी रोज वाट बघितली. चार वर्षं कोरड्या कपाटात काढणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. सायक्लॉप्सच्या काही जाती पाणी आटताना अर्ध्या वाढीत थांबतात, गाळात शिरून पडून राहतात आणि पाणी आलं की तिथूनच पुढे वाढतात. पण ती झोप एखाद्या उन्हाळ्याची. त्याच्या चुलतभावांची, डायाप्टोमसच्या कुळाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत एका तळ्याच्या गाळातून काढलेली त्यांची तीनशे वर्षांहून जुनी अंडी उबली. मलिक अंबरच्या नहरी खोदून थोडा काळ झाला होता, तेव्हा घातलेली अंडी! आणि सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतून २०२१ मध्ये जे रोटिफर उठले त्यांचं वय चोवीस हजार वर्षं निघालं. संजीवनी एकाच घरात नसते, नात्यात वाटून घेतलेली असते.

हे पाहणारा पहिला माणूस कापडाचा व्यापारी होता. १६७४ चा उन्हाळा. जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याच उन्हाळ्यात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अंतोनी फान लेवेनहूकने जवळच्या तळ्याचं हिरवट पाणी बाटलीत भरून नेलं आणि स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरलं. त्यात हिरवे सर्पिल पट्टे होते आणि इकडून तिकडे जाणारे जीव होते. पुढे १७०२ मध्ये, औरंगजेब दख्खनेत एकेक किल्ला घेत फिरत होता तेव्हा, या म्हाताऱ्याने घराच्या पन्हळीतली वाळलेली धूळ काचेच्या नळीत घालून तिच्यावर पाणी टाकलं. तासाभरात त्यातले रोटिफर अंग सैल करून चालू लागले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्या सालांच्या शेजारी ही ओळ कोणी लिहीत नाही. लिहावी असं मला वाटतं.

सायक्लॉप्स अखेर जुलैत आला, त्याच डबक्यातून, ओल्या गाळाबरोबर. नातीच्या वहीत त्या दिवशी एकच वाक्य आहे: ‘एकडोळ्या आला, दोन पिशव्या घेऊन.’ आज या पेटीत आहेत ते त्यांचे वंशज. सरांच्या खिडकीतल्या बरण्या त्यांच्यानंतर कोणी धुऊन टाकल्या ते कळलं नाही. ‘घरचा रांजण, वैशाख’ची चिठ्ठी तेवढी माझ्याकडे आहे, सुकलेल्या डिंकासकट. ती या पेटीच्या मागच्या बाजूला लावली आहे.

आभारप्रदर्शनानंतर सभागृहातले दिवे पाच मिनिटं बंद ठेवायची विनंती मी आयोजकांना केली आहे. बाजूने टॉर्च लावलेला असेल, तीन भिंगं टेबलावर असतील. मुलांनी आधी यावं, त्यांचे डोळे चांगले असतात. फक्त काचेवर टिचकी मारू नका. हायड्रा आखडून गोळा होतो आणि पुन्हा हात पसरायला त्याला वेळ लागतो, तोवर मागे रांग उभी असेल.